फागुनात लावलेले आलू

माझ्या सासूबाईंचं नाव कुंताबाई. अड्याळला आमच्या मोहल्ल्यात कोणाकडे बाळंतपण असो की तेरवी, त्या न बोलावता पोचत आणि सरळ चुलीजवळची जागा धरत. रोवणीच्या दिवसांत बायांच्या ओळीत त्यांचा हात सगळ्यांच्या पुढे चाले. धानाच्या बांध्या, म्हणजे शेतं, तलावाखाली होती, घरी खाऊनपिऊन नीट होतं, सासरे सोमाजी स्वभावानं गरीब, मुलं धडधाकट. दुसऱ्याकडे पाहून जळावं असं काही नव्हतं. तरी कुंताबाई आयुष्यभर जळल्या. सोन्यासाठी नाही, लुगड्यासाठी नाही, शेतासाठी तर नाहीच. शेजारच्या शकुनबाईंसाठी जळल्या. शकुनबाई आपल्याला सोडून दुसऱ्या कोणाच्या होतील, एवढीच त्यांची धास्ती.

दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन गावात आल्या होत्या. शकुनबाईंचं माहेर लाखनीजवळचं, कुंताबाईंचं पवनीकडचं. घरामागच्या भाजीपाल्याच्या जागेला आमच्याकडे सांदवाडी म्हणतात. दोघींच्या सांदवाड्या लागून होत्या, मधे बोरीच्या काट्यांचं कुंपण, आणि त्या कुंपणात एक बाई वाकून जाईल एवढी फट. तिकडची सासू रागावली की शकुनबाई फटीतून इकडे, इकडची रागावली की कुंताबाई तिकडे. विस्तव, विरजण, सांबार म्हणजे कोथिंबीर, मिरच्या, सगळं त्याच वाटेनं जायचं-यायचं. इश्वर, म्हणजे माझा नवरा, जन्मला तेव्हा कुंताबाई तापानं फणफणल्या होत्या. महिनाभर शकुनबाईंनी आपल्या लेकरासोबत त्याला पाजलं. "तुह्या नवऱ्याचं अर्धं आंग शकुनचं हाय," असं कुंताबाई मला अभिमानानं सांगत. ज्या काळात त्या दोघी एकमेकींशी एक शब्द बोलत नव्हत्या, त्या काळातही सांगत.

हे बिघडायला लागलं ते चौऱ्याहत्तर साली.

त्या वर्षी बाबूलाल गावात आला. माणूस आपल्याच तालुक्यातला, पण बरीच वर्षं छिंदवाड्याकडे मामाच्या दुकानात राहिलेला आणि बायकोही तिकडचीच केलेली. शकुनबाईंच्या पलीकडचं घर त्यानं भाड्यानं घेतलं आणि पुढच्या खोलीत किराण्याचं दुकान टाकलं. बायकोचं नाव सत्यवती. बारीक अंगाची, वीस-बावीस वर्षांची, लेकरू अजून नव्हतं. बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी, आणि हसणं मोठं. गावात ओळख ना पाळख. शेजारीण म्हणून शकुनबाईंनी तिला विहीर दाखवली, चक्की दाखवली, बाजाराचा दिवस सांगितला. इथपर्यंत कुंताबाईंना काही वाटलं नाही.

दसरा झाला आणि सत्यवतीच्या बापानं बियाण्याच्या आलूचं एक पोतं पाठवलं. आमच्याकडे तेव्हा आलू म्हणजे बाजारातून आणायची वस्तू. पाहुणा आला, उपास असला, लग्न निघालं, तर आलू. आपल्या वाडीत वांगी, वाल, टमाटर, भोपळा लावायचा; आलू मातीत कसा बसतो हे कोणी पाहिलं नव्हतं. सत्यवतीला बापाच्या वाडीतलं सगळं काम येत होतं. तिनं शकुनबाईंना हाक मारली आणि शकुनबाई गेल्या.

कुंताबाई इकडे वालाच्या शेंगा तोडत होत्या. दोन वाड्या पलीकडून हसण्याचा आवाज आला. सत्यवतीचं हसणं त्यांना ठाऊक झालं होतं. पण त्यात दुसरं हसणं होतं, खोल, थांबून थांबून येणारं, आणि ते शकुनचं होतं. असं शकुन फक्त आपल्याजवळ हसते, असं कुंताबाईंना तोवर वाटत होतं.

संध्याकाळी शकुनबाई फटीतून आल्या. हाताला माती, लुगड्याला राख.

"काय वो, एवढ्या कायले हासून राहिल्या होत्या?"

"आलू लावून राहिलो ना! एका आलूचे तीन-चार तुकडे करते, हरेक तुकड्याले डोळा पायजे म्हनते. अन् मंग राखेत लोळवते, न्हाऊ घातलेल्या लेकरावानी. तू पन ये ना उद्या."

"मले टाइम नाई," कुंताबाई म्हणाल्या. "आलूनं वायू होते."

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या नाहीत. पण दिवसभर काहीतरी काम काढून कुंपणाजवळच बसल्या.

नंतरचे दोन-तीन महिने त्यांना शकुनबाईंच्या तोंडून एकच शब्द ऐकू येई, 'सत्यवती म्हनते'. सत्यवती म्हणते भाजीला जिऱ्याची फोडणी द्यावी. सत्यवती म्हणते आलूच्या झाडाला माती चढवावी लागते, उघडा पडला तर हिरवा होते. एकदा शकुनबाई बोलता बोलता 'अच्छा' म्हणाल्या. बारा वर्षांत ही बाई 'अच्छा' म्हणाली नव्हती.

एक दिवस तर त्यांनी आजाराचं सोंग केलं. खाटेवर पडल्या, डोक्याला फडकं बांधलं आणि इश्वरला शकुनबाईंकडे पाठवलं. शकुनबाई धावत आल्या. डोकं दाबून दिलं, लेकरांना जेवू घातलं, आणि घडीभरानं गरम काढ्याचा गिलास हातात दिला. कुंताबाईंना फार बरं वाटलं. अर्धा काढा पोटात गेल्यावर शकुनबाई म्हणाल्या, "सत्यवतीनं करून देल्ला. ते म्हनते, रातभरात मोकळी होशीन." उरलेला अर्धा काढा कुंताबाईंनी खाटेखाली ओतला.

संक्रांतीच्या सुमारास सत्यवतीचे आलू निघाले, मुठीएवढे, पातळ सालीचे. संक्रांतीला आमच्याकडे बाया हळदीकुंकू करून वाण देतात, कोणी कंगवा देतं, कोणी साबणाची वडी. सत्यवतीनं घरच्या आलूचं वाण दिलं. सगळा मोहल्ला ओटी भरून आलू घेऊन आला. कुंताबाई गेल्या नाहीत. शकुनबाईंनी त्यांच्या वाटणीचे आलू पदरातून आणून दिले. "भाजून खा चुलीत," म्हणाल्या. "लोन्यावानी हायेत."

कुंताबाईंनी ते आलू भाजले नाहीत, शिजवले नाहीत, लेकरांना दिसू दिले नाहीत. धान साठवायच्या ढोलीमागे अंधारात सारून दिले.

शिमग्याच्या आधी घर सारवायला काढलं तेव्हा ते सापडले. आलू सुरकुतले होते आणि प्रत्येकावर जांभळट कोंब आले होते. कुंताबाई ते पदरात घेऊन किती वेळ बसल्या होत्या कोण जाणे. त्यांच्या मनात आलं, ह्याले तं डोळे हायेत! आपणही लावू. आपल्या वाडीत आलू आले की शकुन इकडे येईल. तिकडे जायचं तिला काही कारणच उरणार नाही.

आलू कोणत्या ऋतूत लावतात हे त्यांनी कोणाला विचारलं नाही. विचारायचं तर सत्यवतीलाच विचारावं लागलं असतं.

वालाचे वेल उपटून त्यांनी जागा केली. माती कुदळीनं खोदली, शेणखत घातलं, सरी काढल्या. कुंपणापलीकडून जे दिसलं होतं आणि शकुनबाईंच्या बोलण्यातून जे कानावर आलं होतं, तेवढ्यावर त्यांनी आलू कापले, राखेत लोळवले आणि पुरले. फागुन सरत आला होता. सकाळी हवेत गारवा असे, पण दुपारी अंगण पाय ठेवू देत नसे. गावच्या बाया पहाटे मोहफुलं वेचायला रानात जात होत्या. कुंताबाई त्या वर्षी गेल्या नाहीत. विहिरीवरून गुंडानं, म्हणजे पितळी घागरीनं, पाणी आणून आणून त्यांनी त्या सऱ्या भिजवल्या.

सोमाजी म्हणाले, "लोकं मोहफुलं येचून राहिले, अन् तू मातीले पानी पाजून राहिली."

"तुमाले नाई समजाचं ते."

चैतात कोंब वर आले. पाहता पाहता पाला झाला, गर्द हिरवा. बाकी साऱ्या वाड्या उन्हानं भुऱ्या पडलेल्या आणि आमच्या वाडीत तेवढाच एक हिरवा तुकडा. कुंताबाईंनी कोणाला सांगितलं नाही. शकुनला आपल्या डोळ्यानं दिसू दे, म्हणून वाट पाहिली.

एका सकाळी शकुनबाई विरजण मागायला फटीतून आल्या आणि जागीच थांबल्या.

"अवं बाई! हे आलू ना? कवा लावले? मले सांगितलं काहून नाई?"

"कायले सांगू? तुले तिकडं काम राहते."

शकुनबाईंनी ते मनावर घेतलं नाही. त्या सरीत बसल्या, पानं हातात घेतली, कुंताबाईंच्या पाठीवर थाप मारली. "एकटीनं केलं तू? मानलं बाप्पा तुले!" कुंताबाईंनी मला सांगितलं की जन्मात कधी झाला नव्हता एवढा आनंद त्यांना त्या सकाळी झाला. विरजणाऐवजी त्यांनी शकुनबाईंना अख्खं दही दिलं.

तो आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. दिवेलागणीला शकुनबाई परत आल्या.

"कुंता, मी सत्यवतीले इचारून आली. ते म्हनते, उन्हाळ्यात आलू बसत नाई. नुसता पाला येते. उगीच पानी नोको घालू, कंबर मोडन तुही. दसऱ्याले आपन तिघी मिळून लावू, चांगले."

सांगणाऱ्या बाईच्या मनात काही नव्हतं. पण कुंताबाईंच्या कानात 'इचारून आली' आणि 'तिघी' हे दोनच शब्द राहिले.

"तुले कोनी सांगितलं होतं इचाराले? माही वाडी, माहे आलू. तिच्या बापाची जहागीर हाय का आलू म्हंजे?"

"असं काहून बोलतं वो?"

"जाय, तिकडंच जाय."

शकुनबाई गेल्या. त्यांना वाटलं, उन्हात काम करून डोकं तापलंय, उद्या निवेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंताबाई विहिरीवर गेल्या. चार-पाच बाया होत्या. त्यांत जनाबाई होती, जिच्या कानात पडलेलं दुपारपर्यंत चावडीवर पोचे. जनाबाईनं सहज विचारलं, "आज शकुन नाई आली सोबत?"

"ते कायले येते आता माह्यासोबत," कुंताबाई म्हणाल्या. "ते बाबूलालच्या घरी असते. आलू पाहाले जाते म्हनते. आलू तं संक्रांतीलेच निघाले. मंग आता काय पाहाले जाते, तिचं तिले माहीत. बाबूलालच दिसाले बरा हाय."

दोघी-तिघी हसल्या. कुंताबाईही हसल्या. गुंड डोक्यावर घेऊन घरी आल्या आणि आलूला पाणी घातलं.

दुपारी ते शब्द शकुनबाईंच्या नवऱ्यापर्यंत, भोजराजपर्यंत पोचले. भोजराज मारकुटा माणूस नव्हता. तो बांधीवरून घरी आला, छपरीत बसला आणि बायकोला एवढंच म्हणाला, "लोक असं असं बोलून राहिले. कुंताबाईच्या तोंडून निघालं म्हनतेत." शकुनबाईंना आधी ते खरंच वाटेना. त्या मागे वाडीत आल्या. कुंताबाई सरीत उभ्या होत्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि शकुनबाईंना उत्तर मिळालं. त्या आत गेल्या, सरपणातला बोरीच्या काट्यांचा भारा ओढत आणला आणि स्वतःच्या हातानं ती फट बुजवली. भोजराज मधे पडला नाही. काट्यांनी हात सोलले तरी त्या थांबल्या नाहीत. कुंताबाई इकडून पाहत राहिल्या. "मी म्हनाले पायजे होतं, नोको लावू," त्या मला म्हणाल्या. "पन माह्या मनात त्याही टाइमले हेच होतं, का आता तिकडं तरी जानार नाई हे."

आणि खरंच शकुनबाईंचं तिकडं जाणं बंद झालं. बाबूलालच्या दुकानावर बायांनी जाणं कमी केलं, आणि पुरुष जाऊन उगीच खाकरू लागले. बाबूलाल मानी होता. ज्येष्ठ लागायच्या आत त्यानं लाखनीला मोठ्या सडकेवर जागा पाहिली आणि सामान बैलगाडीत भरलं.

निघायच्या दिवशी सत्यवती घरोघरी निरोप घ्यायला फिरली. कुंताबाईंना वाटलं, आपल्याकडे येणार नाही. पण ती आली. कुंकू लावलं, वाकून पाया पडली. मग तिची नजर वाडीकडे गेली. आलूचा पाला तोवर पिवळा पडून आडवा झाला होता.

"दीदी," ती म्हणाली, "दसऱ्यानंतर लावा. थंडीमें बैठता है आलू. तुमची माटी अच्छी आहे."

विहिरीवर कोण बोललं ते तिला ठाऊक होतं की नव्हतं, हे कुंताबाईंना कळलं नाही. त्यांना एवढंच वाटलं की ही जाता जाता पण शहाणपण शिकवून गेली.

गाडी गेल्यावर त्यांनी सऱ्या खोदल्या. मुळ्यांच्या जाळ्यात चार-दोन गाठी होत्या, बोराएवढ्या. सोमाजी बाजूला उभे होते. त्यांनी एक गाठ उचलून पाहिली. "एवढ्यापायी दोन घरं मोडली तू," ते म्हणाले, आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. सोमाजींचं आयुष्यातलं सगळ्यात कठोर बोलणं ते तेवढंच.

नंतर बरीच वर्षं गेली. शकुनबाई भांडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. फक्त बोलल्या नाहीत. इश्वरच्या लग्नात आल्या, रीतीचा आहेर केला, मला ओवाळलं आणि जेवून गेल्या. कुंताबाईंकडे पाहिलं नाही. मी नवी नवरी, मला वाटलं या बाईंना ऐकू येत नसावं. दरवर्षी पावसाळा संपला की त्या कुंपणाच्या त्या जागी काट्यांचा नवा भारा आणून टाकत.

आणि कुंताबाई? त्या कुंपणापलीकडचं सगळं ऐकत. आज शकुनकडे कोण आलं, कोणाशी किती वेळ बोलली, कोणासोबत बाजाराला गेली. मी शकुनबाईंच्या मुलीकडे कशिदा शिकायला जायची, तर परत आल्यावर विचारत, "काही म्हनली का?" नाही म्हटलं की तोंड फिरवत. दरवर्षी दसऱ्याला वाडी मोकळी होई. मी एकदा म्हटलं, "आत्याबाई, या सरीत आलू लावू या का?" त्या म्हणाल्या, "लावले तं तिचं आयकल्यावानी होते." कोणाचं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

चौऱ्याऐंशी सालच्या दसऱ्यानंतरची गोष्ट. जनाबाई आता म्हातारी झाली होती, पण कान शाबूत होते. तिनं येऊन सांगितलं की शकुन माहेरी जाते म्हणून जाते, पण तिला लाखनीला बाबूलालच्या घरी पाहिलं लोकांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंताबाईंनी धुतलेलं लुगडं नेसलं आणि मला म्हणाल्या, "चाल, लाखनीले जाऊ. इश्वरच्या मावशीले पाहाले."

"कोणती मावशी?"

"हाय एक."

भंडाऱ्याला एसटी बदलून आम्ही साकोलीच्या गाडीत बसलो. कुंताबाई वाटभर पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत होत्या. लाखनीला उतरल्यावर त्यांनी एका पंक्चरवाल्याला वाट विचारली, तेव्हा मला मावशीचं निमित्त कळलं. त्यांनी 'बाबूलालचं किराण्याचं दुकान' विचारलं होतं.

दुकानासमोर ट्रक उभे होते, गिऱ्हाइकी होती. बाबूलालनं आम्हाला पाहिलं नाही. कुंताबाई बाजूच्या बोळातून सरळ मागे गेल्या. मागे लहानशी वाडी होती, नुकतीच वखरल्यासारखी मोकळी केलेली. ओट्यावर गोणपाट पसरलं होतं, त्यावर आलूचा ढीग, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन बाया चाकू घेऊन बसलेल्या. एक शकुनबाई. त्या हसत होत्या. लग्न होऊन मला तीन वर्षं झाली होती, मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

कुंताबाई तिथंच उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा मी विसरले नाही. चोरी पकडायला गेलेल्या माणसाला स्वतःच्याच घरातलं भांडं तिथं दिसावं, तसा.

शकुनबाईंचं हसणं थांबलं. पहिल्यांदा उठल्या त्या सत्यवतीबाई. अंगानं भरल्या होत्या, केस वेळेआधीच थोडे पिकले होते.

"दीदी! आओ, बसा. ही सून का?"

त्यांनी आम्हाला पाणी दिलं. चहा ठेवला. आणि मग, करायला दुसरं काही सुचलं नसेल किंवा मुद्दाम असेल, एक चाकू कुंताबाईंसमोर ठेवला. कुंताबाईंनी तो घेतला. आलू उचलला आणि कापू लागल्या. ओट्यावर तिघी बसलेल्या, सडकेवरून ट्रकांचा आवाज येत होता.

"असा नोको कापू."

शकुनबाई बोलल्या होत्या. मान वर केली नव्हती.

"डोळ्यावरूनच चाकू चालवला तू. मेला तो. डोळा पाहून काप."

कुंताबाईंचा हात थांबला. "मले कोनी दाखवलंच नाई कवा," त्या म्हणाल्या.

"तू इचारलं कवा?"

कुंताबाईंनी चाकू खाली ठेवला. "ते मी बोलली होती. इहिरीवर. मीच बोलली होती."

"मालूम आहे, दीदी," सत्यवतीबाई म्हणाल्या. "तेव्हाच मालूम होतं."

"मंग माह्या पाया काहून पडली होती?"

"सब के पडली होती. तुमच्या कशी नाही पडू?"

शकुनबाई आलू कापत राहिल्या. "साऱ्या गावाले माहीत होतं कोन बोललं ते," त्या म्हणाल्या. "अन् मी इथं येतो हेही घरी साऱ्यायले माहीत हाय. ह्यायले पन माहीत हाय. दरसाल दसरा झाला का हेच म्हनतेत, जाय, माहेरी जाऊन ये, आलू लावाचे असन."

म्हणजे दर कार्तिकात, कुंताबाई कुंपणाला कान लावून बसलेल्या असताना, या दोघी इथं आलू लावत होत्या. भोजराजला ठाऊक होतं. फक्त कुंताबाईंना ठाऊक नव्हतं. त्या रडतील असं मला वाटलं, पण त्या रडल्या नाहीत. चाकू पुन्हा घेतला आणि या वेळी डोळा पाहून कापला. शकुनबाईंनी तो तुकडा उचलून पाहिला आणि राखेत टाकला.

मधेच बाबूलाल मागच्या दारात आला. कुंताबाईंना पाहिलं, ओळखलं. तसाच वळला आणि दुकानात गेला. आम्ही निघेपर्यंत परत आला नाही. पुढेही तो कधी कुंताबाईंशी बोलला नाही, आणि कुंताबाईंनी त्याचं वाईट मानलं नाही.

निघताना सत्यवतीबाईंनी फडक्यात थोडं बियाणं बांधून दिलं. शकुनबाई आमच्यासोबत आल्या नाहीत, माहेरी दोन दिवस राहणार होत्या. एसटीत बसल्यावर मला वाटलं, आता यांचं मन हलकं झालं असेल. पण त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "आपन निघाल्यावर दोघी काय बोलून राहिल्या असतीन वो?"

त्या आठवड्यात आम्ही दोघींनी आलू लावले. थंडीत पाला वाढला, माती चढवली, आणि पौष सरताना झाडं पिवळी पडल्यावर खोदलं तर प्रत्येक झाडाखाली पाच-सहा आलू. कुंताबाईंनी सगळ्यात मोठे निवडून टोपलीत घातले आणि मला शकुनबाईंकडे पाठवलं, पुढच्या दारानं. परत आले तेव्हा त्या उंबऱ्यातच उभ्या होत्या.

"काय म्हनली?"

"म्हणाल्या, चांगले आले."

"अजून?"

"अजून काही नाही."

"सत्यवतीच्या आलूपेक्षा मोठे हायेत, असं नाई म्हनली?"

"नाही."

"तू इचाराचं ना मंग!"

त्यानंतर दोघी बोलू लागल्या. पहिल्यासारख्या नाही. सणावारी, देवळात, विहिरीवर, काम असेल तेवढं. कुंपणातले काटे शकुनबाईंनी काढले नाहीत. मात्र दरवर्षी नवा भारा टाकायचं सोडून दिलं.

सत्त्याऐंशी साली शकुनबाईंच्या धाकट्या मुलीचं, रत्नाचं लग्न निघालं. हळद कुटायला पहिली सुवासीण म्हणून आपण उभं राहावं, या हिशोबानं कुंताबाई पहाटेच आंघोळ करून तयार झाल्या. मंडपात पोचतो तो सत्यवतीबाई आधीच उखळाजवळ. त्या आदल्या दिवशीच आल्या होत्या आणि रात्री शकुनबाईंच्या घरी राहिल्या होत्या.

"कालच आली?" कुंताबाईंनी विचारलं.

"हो दीदी. शकुन दीदीनं सोडलंच नाही."

कुंताबाईंनी मुसळाला हात घातला आणि अशी हळद कुटली की उखळ हललं. शकुनबाई दुरून पाहत होत्या. त्यांच्या ओठांवर काहीतरी होतं, पण त्या हसल्या नाहीत.

लग्न लागल्यावर शकुनबाईंनी दोघींना ओटी भरून लुगडी दिली. कुंताबाईंना जांभळं आणि सत्यवतीबाईंना हिरवं. कुंताबाईंनी मला मंडपाच्या मागे ओढलं. "जाय, तिच्या लुगड्याचा काठ पाहून ये. केवढा हाय ते."

मी काहीतरी निमित्त काढून गेले, बोटांनी काठ मापला आणि येऊन सांगितलं, "सारखाच आहे आत्याबाई. तुमचाही तेवढाच."

"अन् कापड?"

"तेही तेच. एकाच दुकानातलं आहे."

त्यांनी आपलं लुगडं उलगडून पाहिलं, बोटांत चुरगळून पाहिलं. चेहरा जरा सैल झाला. मग एकदम म्हणाल्या, "शकुनले हिरवा रंग आवडते."

तेवढं बोलून त्यांनी लुगडं तिथंच अंगावरच्या लुगड्यावरून गुंडाळलं, पदर डोक्यावर नीट घेतला आणि पंगतीकडे गेल्या. पंगत बसली होती, वाढणाऱ्या बाया कमी पडत होत्या. कोणीतरी त्यांच्या हातात वरणाची बकेट दिली. भाताची परात सत्यवतीबाईंकडे होती आणि त्या पहिल्या पानापासून वाढत निघाल्या होत्या. वरण भातावर घालायचं असतं. तेव्हा साऱ्या पंगतभर कुंताबाईंना त्यांच्या मागे मागे जावं लागलं.